चंपाबाईचं माहेर

"लगन तर मी मोडू देत नाई," खुर्चीवर टेकायच्या आधीच निकिता म्हणाली. "पण हे केलं कोणं, थे तुमी शोधून द्या."

वैजयंतीने तिला आधी पाणी दिलं. वाशिममध्ये तिचं खासगी चौकशीचं ऑफिस होतं. तिथे लोक येत ते बहुतेक स्थळाची माहिती काढायला, नाहीतर ठरलेलं लग्न मोडायला निमित्त शोधायला. लग्न वाचवायला नवरी मुलगी स्वतः आलेली ती पहिल्यांदाच पाहत होती. शेजारी रामराव बसले होते. एसटीच्या कंडक्टरकीतून निवृत्त झाल्यापासून ते वैजयंतीची मोटारसायकल चालवत आणि प्रत्येक प्रकरणात ठामपणे चुकीच्या माणसावर संशय घेत.

निकिताने मोबाइल पुढे सरकवला. तिच्या भावाने, धनराजने, एका सॉफ्टवेअरवर घराण्याचं झाड केलं होतं. प्रत्येक माणसाची एक चौकट, चौकटींना जोडणाऱ्या लग्नाच्या आणि लेकरांच्या रेघा. निकिताचं वाशिमजवळच्या मालेगावचं घर आणि तिच्या नवऱ्या मुलाचं, सतीशचं, अनसिंगचं घर, दोन्हीकडे एकच पासवर्ड होता. त्यामुळे कोण शिरलं हे कळायची सोय नव्हती.

"हे पाहा."

एका चौकटीत लिहिलं होतं : चंपाबाई, माहेरचं नाव वच्छला. चौकटीला दोन नवरे जोडलेले. पहिला अनसिंगचा, त्याचा मुलगा ज्ञानदेव, म्हणजे सतीशचे वडील. दुसरा मालेगावचा, त्याचा मुलगा दौलतराव, म्हणजे निकिताचे वडील.

रामरावांनी चष्मा वर केला. "म्हंजे तुहे बाबा अन् सतीशचे बाबा एका मायचे?"

"तसं दाखोते हे. मंग मी अन् सतीश बहीण-भाऊ झालो. आते-मामेचं नातं निघालं असतं तर लोक खूश झाले असते. हे कसं चालंल?"

"आणि खरं काय?" वैजयंतीने विचारलं. वकिलाच्या ऑफिसात बरीच वर्षं काढल्यामुळे तिची भाषा कागदी झाली होती.

"दोघी येगयेगळ्या. चंपाबाई माही आजी. वच्छला सतीशची. सतीशचे बाबा लहान होते तवाच थे आसेगावात, तिच्या माहेरी, वारली. आता अनसिंगवाले म्हणतात, मेली नसंल, मालेगावात जाऊन दुसरं घर केलं असंल, तुमच्याच झाडात लिहिलं हाये. आमचे म्हणतात, लगन मोडाले त्यायनंच केलं. दादा एका मिनिटात दुरुस्त करंल, पण मंग म्हणतील, लपोलं. हळद आठ दिवसांवर आली."

"दुरुस्त करू देऊ नकोस," वैजयंती म्हणाली. "करणाऱ्याने काय केलं तेवढंच आपल्या हाती आहे. ते तसंच राहू दे."

अनसिंगला ज्ञानदेव अंगणात खाटेवर बसले होते. लग्नाचं त्यांना जणू काही पडलंच नव्हतं. वैजयंतीला पाहताच त्यांनी एकच विचारलं, "माय मेली होती का मले सोडून गेली होती, एवढं सांगता येईन काय तुमाले?"

साठीच्या माणसाने हा प्रश्न विचारलेला पाहून वैजयंतीचा जीव तुटला. खोटा धीर न देता ती घरात वळली.

घर एकत्र होतं. ज्ञानदेवच्या चुलतभावाची बायको गोमतीबाई स्वतःहून पुढे आली. "माह्यावरच संशय असंल. माह्या बहिणीच्या पोरीले सतीश पाहून ठेवला होता, हे मी लपोत नाई."

"वच्छलाबाईंबद्दल काही कुजबुज होती का?"

गोमतीबाईने पदर ओढून घेतला. "होती. रिकाम्या बाया म्हणत, मेली का गेली कोणाले मालूम. सोयरीक झाली त्या दिवशी मालेगावात चुलीपाशी मीच बोलून गेली. जीभ घसरली."

"ऐकायला कोण होतं?"

"निकिताची माय, निताबाई. अन् त्यायची सून मंजुषा, पोळ्या लाटून राह्यली होती."

"झाड तुम्हांला उघडता येतं?"

"सतीशनं शिकोलं. दिवसभर थेच पाहतो मी."

"गोमती हे नाव लग्नातलं की माहेरचं?"

"माहेरचंच व! आत्याच माही सासू. लहानपणापासून या घरात गोमती, गोमती. घरच्या पोरीचं नाव कायले बदलतील? बाहेरून येते तिचं बदलतात. आमच्या इकडे सगळीकडं असंच हाये."

बाहेर येताच रामरावांनी मोटारसायकलला किक मारली. "हिनंच केलं. तोंडानं कबूल होऊन राह्यली, अजून काय पाह्यजे?"

"मालेगावला चला," वैजयंती म्हणाली.

मालेगावला दौलतराव रागाने धुमसत होते. "माह्या मायवर बोट दाखोते? परकी होती काय थे? माह्या आजीची सख्खी भाची! रांगत होती तवापासून या घरात पडीक राहे."

"मी झाडात तसंच भरलं होतं," धनराज म्हणाला. "चंपाआजीच्या वर तिचे माय-बाप, अन् थो बाप म्हंजे पणजीचा भाऊ. रेघ फिरून आपल्याच घरात येत होती. आता थे माय-बाप उडोले."

"ती रेघ न पाहता उडवता येते?"

"नाई. आधी चौकट उघडा लागते. कोणाची कोण, सगळं समोर येते. मंगच पुसता येते."

मंजुषाने चहा आणला. धनराजची बायको, हसतमुख, कामाला वाघ. वैजयंतीने तिलाही विचारलं.

"यायले भरताना पाह्यलं हाये," मंजुषा म्हणाली. "मले काय समजते त्यातलं."

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. एक उंच, रापलेला माणूस वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन आत आला. "शोभे, हे घे! मायनं पाठोलं."

मंजुषाने लगबगीने पिशवी घेतली. तो तिचा मोठा भाऊ होता.

"लेकरंबाळं काय म्हणतात?" रामरावांनी आपलं सहज विचारलं.

"लगनच झालं नाई, काका. शेती करणाऱ्याले पोरगी कोण देते? याच घरात एकदा बोलणं निघालं होतं..." त्याची नजर निकिताकडे गेली आणि तो थांबला. "जाऊ द्या. चहा घेतो अन् निघतो."

दुसऱ्या दिवशी वैजयंतीने अनसिंगच्या मंडळींना मालेगावला बोलावलं. दोन्ही घरं समोरासमोर बसली. कोणी कोणाचं पाणी घेतलं नाही. सतीश दाराशी उभा होता आणि निकिता सगळ्यांसमोर त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"वच्छलाबाईंची कुजबुज चुलीपाशी झाली," वैजयंतीने सुरुवात केली. "निताबाई तिथे होत्या, पण आपल्याच मुलीच्या लग्नात त्या बिब्बा कशाला घालतील? दौलतराव आणि धनराज यांना चंपाबाई या घरची भाची होती हे पक्कं ठाऊक. घरच्या पोरीचं नाव बदलत नाहीत. त्यांनी खोटं रचलं असतं तर 'माहेरचं नाव वच्छला' असं कधीच लिहिलं नसतं. ते लिहिताना त्यांचाच हात अडला असता."

"मंग गोमतीबाईच," रामराव म्हणाले.

"करणाऱ्याने चंपाबाईची चौकट उघडली. ही बाई सासूच्या भावाची मुलगी आहे, हे समोर दिसलं. त्यानंतर ती रेघ पुसली. गोमतीबाई स्वतः आत्याच्या घरात आल्या, नाव तेच राहिलं. ती रेघ पाहताच त्यांना कळलं असतं की ही जन्माची चंपाच. त्यांनी इथे हात घातला नसता, आणि त्यांच्या घरातल्या दुसऱ्या कोणीही नाही."

"ही चूक एकच माणूस करू शकतं. जिला वाटतं, लग्न झालं की प्रत्येक बाईचं नाव बदलतंच. कारण तिचं बदललं." वैजयंती वळली. "शोभा."

मंजुषाच्या हातातला ट्रे खाली आला. तिने तो ठेवला, पडू दिला नाही.

"लगनाच्या येळी यायनं शब्द देल्ला होता," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "मी इकडं, निकिता आमच्याकडं. साटंलोटं. मंग नोकरीवाला सतीश भेटला अन् शब्द हवेत गेला. माह्या भावाचं वय निघून चाललं. माय मले रोज फोनवर इचारते, तू तिथं राहून काय केलं? वाटलं, हे लगन मोडलं तर शब्द आठवंल यायले."

धनराजने मान खाली घातली.

"अन् नावाचं म्हणाल तर, मले खरंच वाटलं, बाईचं असंच असते. नाव बदललं का मागचं पुसलं. झाडात पाहा, माह्या वर कोण हाये? कोणीच नाई. मंग चंपाबाईच्या वरचंबी पुसता येईन, असं वाटलं."

ज्ञानदेव उठून उभे राहिले. "मंग माही माय?"

गोमतीबाईला हुंदका फुटला. "भाऊजी, माही सासू तुमच्या मायची जाऊ. तिनंच आसेगावात जाऊन तुमच्या मायले अखेरचं न्हाऊ घातलं. मले सांगतलं होतं. मालूम असून मी नाई थे बोलली."

ज्ञानदेव मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. सतीशने त्यांचे खांदे धरून ठेवले.

"निघ माह्या घरातून!" दौलतराव मंजुषावर ओरडले.

"थांबा बाबा." निकिता मध्ये आली. "शब्द तुमी देल्ला. मले न इचारता. मोडलाबी तुमीच, वहिनीले न सांगता. कोणीच कुठं जात नाई." ती मंजुषापुढे उभी राहिली. "वहिनी, मी सतीशसंगंच लगन करन. तुमच्या भावासंगं नाई, कधीच नाई. माही आजी तुमी बदनाम केली, थे मी लवकर इसरत नाई."

मंजुषाने मान डोलावली.

निकिताने मोबाइल काढला. चंपाबाईचे आई-बाप परत जागेवर बसवले. वच्छलेची चौकट वेगळी करून अनसिंगला जोडली. सगळे बघत होते, हे तिला हवंच होतं. मग तिने मंजुषाची चौकट उघडली, माहेरच्या नावापुढे 'शोभा' लिहिलं आणि वरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून थांबली.

"तुमच्या मायचं नाव सांगा, वहिनी."

पदराने तोंड पुसून मंजुषा म्हणाली, "कौसल्या."