बंद घडीतला किनारा

ग्रंथालयाच्या तळघरात मी जुनी पुस्तकं दुरुस्त करते. त्या आठवड्यात टेबलावर शंभर वर्षांपूर्वीचं एक पुस्तक होतं, दक्षिणेकडच्या किनाऱ्याची भलामण करणारं. 'वर्षाला तीनशे दिवस ऊन. छातीचे विकार पळतात.' डॉक्टर माझ्या दादाला तिकडेच पाठवत होते. गुरुवारची गाडी होती.

पुस्तकाच्या घड्या कापलेल्याच नव्हत्या. पूर्वी असंच असायचं. छापलेला कागद दुमडून शिवायचे, कडा वाचणाऱ्यानं सुरीनं उघडायच्या. म्हणजे आतली पानं छापल्यापासून कुणीही पाहिली नव्हती. मी एकेक घडी कापत गेले.

पान १७. 
छापील: 'प्रत्येक खोलीत पाचपर्यंत ऊन.' 
समासात, पेन्सिलीनं: 'चारपर्यंतच. थापाडे लेकाचे.'

अक्षर दादाचं. शिरोरेघ कधीच न देणारं.

मी सुरी पुसली. का पुसली, कोण जाणे.

पान ३३. 
'सागरी हवा भूक वाढवते.' 
'खरंय. दोनदा वाढून घेतलं. खोकला कमी.'

पान ४१. 
'ताप नाही. शहाणीला कळवायला हवं.'

शहाणी म्हणजे मी. खूश व्हावं की घाबरावं, कळेना. पुस्तक आणि सुरी पिशवीत घालून घरी नेलं.

"हे तू लिहिलंस?"

"शंभर वर्षांपूर्वी? एवढा म्हातारा दिसतो का गं मी?" मग त्यानं वाचलं. "अक्षर माझंच आहे की."

"दादा, जाऊ नकोस."

"अगं, खोकला कमी लिहिलंय!"

"शेवटची घडी राहिलीय."

"मग काप."

मी सुरी टेबलावर ठेवली. त्यानंच सुरी घेतली आणि खिडकीपाशी पाठमोरा उभा राहिला. बराच वेळ.

"कोरं आहे," तो म्हणाला. पुस्तक मिटून माझ्या पिशवीत ठेवलं. मग खोकत खोकत बॅगेतला स्वेटर बाहेर काढला. "तिकडे कशाला हवाय? ऊन आहे."

गुरुवारी त्याला गाडीत बसवून दिलं.

शुक्रवारी तळघरात पुस्तक उघडलं. शेवटची घडी बंद होती. कड अखंड. बोट फिरवून पाहिलं, दोनदा.

दिव्यासमोर धरली.

कागदातून पेन्सिल दिसत होती. समासभर, ओळीखाली ओळ, गिचमिड. शब्द लागत नव्हते. तारीख तेवढी लागली, येत्या बुधवारची.

अक्षर माझं होतं.