मसरानींना स्पंज कोणी दिला

धुराचा तो पाचवा आठवडा होता. नदीपलीकडची दलदलीची जमीन आतल्या आत जळत होती. ज्वाळा कुठेच दिसत नसत, नुसता धूर जमिनीतून वर येत राही. सकाळचे दहा वाजले तरी दवाखान्याच्या आवारातले दिवे चालूच असत आणि त्या प्रत्येक दिव्याभोवती तांबूस, मळकट वलय दिसे. हेर्लिना कोठीघरातून कापूस आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन परत निघाली होती. आदल्या संध्याकाळपासून ती ड्यूटीवर होती. तिला सुट्टी द्यायला येणारी मुलगी स्वतःच शेजारच्या वॉर्डात ऑक्सिजन लावून पडली होती. त्यामुळे चार खाटांच्या अतिदक्षता विभागात दोघीच उरल्या होत्या, हेर्लिना आणि वीस वर्षं तिथे काढलेली तुतीताई.

चालताना हेर्लिनाच्या मनाला एकच गोष्ट खात होती. दोन नंबरच्या खाटेवरच्या मसरानींना पहाटेपासून तिचा हात लागला नव्हता. मसरानी नावाडी होते, वय छप्पन्न. गावकऱ्यांबरोबर आग विझवायला गेले, पायाखालची जळकी माती खचली आणि तीन तास ते त्या धुरात अडकून पडले. आता घशात नळी होती आणि श्वास यंत्र घेत होतं. अशा माणसाचं तोंड दर दोन-तीन तासांनी ओलं करावं लागतं, कूस बदलावी लागते. पण चार नंबरचा पेशंट रात्रभर वर-खाली होत होता. सगळे हात तिकडेच गुंतले होते.

ती खाटेपाशी आली आणि थबकली.

मसरानींचे ओठ ओलसर, मऊ होते. अंग पुसलेलं होतं. चादर चारी कोपऱ्यांनी ताणून बसवलेली, टाचांखाली उशी. केस विंचरून मधोमध भांग पाडलेला. आणि धुराच्या त्या कायमच्या वासावर आणखी एक वास होता, कापराचा.

उशाशी त्यांची बायको अरबाया बसली होती. एरवी नातेवाइकांनी बाहेर चटईवर बसायचं असा नियम होता, पण बाहेर धूर इतका की तुतीताईनं तिला आत घेतलं होतं.

"मावशी, यांना स्पंज कोणी दिला?"

"ती दुसरी सिस्टर नाही का? तू बाहेर पडलीस आणि ती आली." अरबाया दमलेलं हसली. "फार मायेची गं पोर. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, पण यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. चाळीस वर्षांत यांचा भांग मला सरळ पाडता आला नाही, हिनं एका फटक्यात पाडला."

"तुतीताई होत्या का?"

"छे, तुतीला मी ओळखत नाही होय? ही बारीक होती. हात मात्र गार... चुकून मला लागला. नदीत रात्रभर बुडवून ठेवल्यासारखा."

हेर्लिनानं मसरानींच्या भांगाकडे पुन्हा पाहिलं. तिला सोमवार आठवला. एक नंबरवरच्या मास्तरांना तिनं असंच अंग पुसलेलं, भांग पाडलेलं पाहिलं होतं आणि तुतीताईनंच केलं असणार असं धरून चालली होती. बुधवारी तीन नंबरवरच्या म्हातारीचंही तसंच झालं. दोघंही त्या-त्या दिवशी सांजेच्या अजानीआधी गेली होती.

तिनं तुतीताईला भांडी धुवायच्या खोलीत गाठलं. सगळं ऐकून तुतीताईनं आधी नळ सोडला, मग हळू आवाजात म्हणाली, "कापराचा वास होता?"

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"धुराचं मोठं साल आलं की येते. कोण आहे, मला विचारू नकोस, मला ठाऊक नाही. आपले हात पुरत नाहीत तिथे ती येते. तिच्या हातून कुणी तडफडून गेलेलं नाही, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय."

"पण जातात."

"आज ना उद्या जाणारच असतात गं..."

"मसरानींची लेक मिदा निघालीय, ताई. विमानं बंद, म्हणून बोटीनं आली. सकाळी बंदरावर उतरलीय. आता गाडीत आहे, चार वाजेपर्यंत पोचेल. चार वाजेपर्यंत तरी...!"

तुतीताईनं नळ बंद केला. ती म्हणाली, "मग त्या गार हातवालीसाठी काही काम शिल्लक ठेवू नकोस. चार नंबर मी बघते."

हेर्लिना खाटेशी आली ती हललीच नाही. दर थोड्या वेळानं ती मसरानींच्या तोंडात ओला बोळा फिरवी. नळीतला कफ ओढून घेई, पाठीला तेल लावी. अरबायाला तिनं पाय चोळायला बसवलं. मुख्य म्हणजे ती बोलत राहिली. "काका, मी हेर्लिना. आता तुम्हाला डावीकडे वळवते हं. मिदा निघालीय. रस्त्यात धूर आहे, गाडी हळू येतेय, पण येतेय." औषधाच्या गुंगीत ते ऐकतात की नाही, हे कुणालाच सांगता आलं नसतं. पण आपला नवरा अजून माणसांत आहे, असं अरबायाला वाटलं. तीही मग होडीच्या, शेजाऱ्यांच्या, गळक्या छपराच्या गोष्टी त्यांना सांगू लागली. मध्येच टोमणाही मारला, "आग विझवायला पुढे, घरची चूल पेटवायला मात्र मागे!"

दुपारच्या नमाजाला अरबाया बाहेर गेली. खिडकीत सूर्य एखाद्या सुकल्या जखमेसारखा लाल दिसत होता. यंत्राचा श्वास चालू होता, आत, बाहेर. आत, बाहेर.

त्या आवाजाच्या मधल्या फटीत हेर्लिनाला दुसरा एक आवाज ऐकू आला.

पाण्याचा.

पडद्यापलीकडे कुणीतरी कापड बुडवत होतं. मग पिळत होतं. थेंब भांड्यात पडत होते, सावकाश, एकेक. पडद्यापलीकडे तीन नंबरची खाट होती आणि ती बुधवारपासून रिकामी होती.

"मी केलंय सगळं..." हेर्लिना कुजबुजली. "तोंड केलं... पाठ केली... काही राहिलेलं नाही..."

पिळण्याचा आवाज थांबला. कापराचा वास दाट झाला. तिनं मनातल्या मनात घाईनं सगळं पुन्हा तपासलं. तोंड, पाठ, टाचा, नखं... मग तिची नजर चेहऱ्यावर गेली. मसरानींच्या पापण्या अर्ध्या उघड्या होत्या. डोळे कोरडे पडले होते. डोळे राहिले होते.

पडद्याच्या कडेनं एक हात आत आला. पाण्यात फार दिवस राहिल्यासारखा पांढरा, बोटांची कातडी सुरकुतलेली. त्या हातात ओल्या फडक्याची नीट घडी होती. हातात घाई नव्हती की राग नव्हता. लेकराचा चेहरा पुसायला आई जशी वाकते तसा तो हात मसरानींच्या पापण्यांकडे खाली येऊ लागला. त्या मिटायला. मॉनिटरवरचे ठोके साठावरून पन्नासावर आले, मग त्रेचाळिसावर.

हेर्लिनानं हात पुढे केला आणि ते फडकं धरलं. गारठा थेट कोपरापर्यंत चढला.

"द्या..." ती म्हणाली. "ते मी करते. तुम्ही पुष्कळ केलंत."

क्षणभर दोघींनीही फडकं सोडलं नाही. मग पलीकडची बोटं एकेक करून सुटली.

ठोके पुन्हा साठावर आले. हेर्लिनानं ते फडकं कचऱ्यात टाकलं. स्वच्छ कापसानं मसरानींचे डोळे पुसले, थेंब घातले. पहिले दोन थेंब गालावर पडले.

मिदा सव्वाचारला आली. तोंड काळवंडलेलं, डोळे सुजलेले. हेर्लिनानं तिला धरून खाटेशी नेलं आणि म्हणाली, "नळ्यांना घाबरू नकोस. हात धर. बोल त्यांच्याशी."

"अबा... मी आले."

मसरानींनी डोळे उघडले. बोलता येत नव्हतं, पण बघत होते. मिदाचं बोट त्यांनी मुठीत धरलं. हेर्लिनानं कोमट पाणी आणून दिलं आणि लेकीनं आपल्या हातानं बापाचा चेहरा पुसला. जवळजवळ तासभर दोघी मायलेकी त्यांच्याशी बोलत होत्या, एकदा तर हसल्याही. मग ठोके कमी होत गेले. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. अरबाया नवऱ्याच्या कानाशी कलमा म्हणत राहिली आणि शेवटी तिनं स्वतः त्यांच्या पापण्या मिटल्या. तुतीताईनं रिवाजाप्रमाणे त्यांच्या पायांचे दोन्ही अंगठे जुळवून पट्टीनं बांधले.

"आपल्या माणसांत गेले," ती हेर्लिनाला म्हणाली. "एवढं दिलंस तू मला."

खिडकीशी एक खुर्ची होती. हेर्लिना तिच्यावर पाच मिनिटं टेकली. बावीस तास ती उभी होती.

जाग आली तेव्हा अरबाया समोर उभी होती. गाठोडं काखेत, निरोप घ्यायला आलेली.

"उठवणार नव्हते गं," ती हळूच म्हणाली. "आत्ता ती सिस्टर इथेच होती. तुझे ओठ ओले करत होती. मी म्हटलं, निजू दे लेकराला. दुसऱ्यासाठी इतकी राबलीय, तिचंही कुणीतरी करायला हवंच की."

हेर्लिनानं जिभेनं ओठ चाचपले. कापराची चव होती.

ती धडपडून उठायला गेली आणि परत खुर्चीत पडली. तिनं खाली पाहिलं. बूट काढून बाजूला ठेवले होते, जोडीनं, मोजे घडी करून आत घातलेले. पाय धुऊन पुसलेले होते. आणि पायांचे दोन्ही अंगठे एकमेकांना जुळवून पांढऱ्या पट्टीनं बांधले होते. गाठ अगदी सैल होती, दुखू नये इतकी.