दारावरून गेलेला ठोका

"काका, हे खरं घडलेलं आहे ना?"

"ऐक तर खरं. खोटं वाटलं, तर एकटा जाऊन वरच्या खोलीत झोप."

माझे साडू जुन्या मोटारसायकलींचे मिस्तरी होते. बोलणे मोजके, काम नेटके. आणि इंजिनातला बेसूर आवाज त्यांना दाताखाली खडा आल्यासारखा छळायचा. त्यांच्याकडे एक बाई आपल्या नवऱ्याची जुनी, दोन सिलिंडरची गाडी टेम्पोत घालून घेऊन आल्या. आठ महिन्यांपूर्वी याच गाडीसकट तो पुलावरून कोसळून गेला होता. घरी सासरे अंथरुणाला खिळलेले. मुलगा लांबच्या नोकरीवर आहे, एवढेच त्यांना सांगितलेले. पण म्हातारा रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाकडे कान लावून पडायचा.

"डॉक्टरांनी आशा सोडलीय," बाई म्हणाल्या. "एकदा ही गाडी दारावरून न्या. मुलगा आलाय असं वाटलं, की बाबा सुटतील. पण मिस्तरी, आवाज तोच हवा. टक्-टक्, टक्-टक्. त्याच्यावरूनच ते ओळखायचे."

साडूंनी इंजिन उघडले. पिस्टनची वर-खाली धाव चाकाच्या फेऱ्यांत बदलणारे जे दोन दांडे असतात, ज्यांना कनेक्टिंग रॉड म्हणतात, त्यांची खालची कडी झिजून सैल झाली होती. ठोका तिथलाच.

"ताई, हा आवाज म्हणजे इंजिनाचा खोकला आहे. तो ठेवून दुरुस्ती होत नाही."

"मग दुरुस्ती नको. नुसती चालू करा."

"या दांड्यांवर चालवली, तर गल्ली संपायच्या आत एखादा तुटून बाहेर येईल."

बाई तिथेच बसून राहिल्या. अखेर साडूंनीच तोडगा काढला: दांडे दुसरे घालायचे, पण कड्यात जाणून-बुजून थोडी फट सोडायची, म्हणजे ठोका राहील.

शब्द दिला, पण हात ऐकेना. उभ्या आयुष्यात त्या हातांनी सैल काम केले नव्हते. कडे घासता घासता माप बरोबर येऊन बसले, आणि साडूंना ते पुन्हा बिघडवता आले नाही. झिजलेले दांडे रॉकेलने धुऊन त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगले.

नोव्हेंबरातला तिसरा गुरुवार. रात्रीचे साडेनऊ. साडूंनी गाडी त्या दारावरून नेली. इंजिन लोण्यासारखे चालत होते. उघड्या खिडकीतून म्हाताऱ्याचा आवाज आला.

"कोण आहे हा? ...माझा नव्हे."

साडू गॅरेजवर परतले. गाडी स्टँडवर लावली. पेट्रोलचा कॉक बंद केला. शटर आतून ओढून घेतले आणि स्टुलावर बसून राहिले.

मग ऐकू आले.

टक्-टक्.

बाहेरून... त्या गल्लीच्या दिशेने जाणारे.

त्यांनी गाडीकडे पाहिले. ती समोरच उभी होती. बंद.

टक्-टक्... टक्-टक्...

लांब गेले. विरले.

बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"मिस्तरी... जमवलात शेवटी." बाई बोलत होत्या. "बाबा उठून बसले. दोन वर्षांनी. म्हणाले, आला."

साडूंची नजर समोरच्या गाडीवर गेली.

"मी दार उघडून उभी राहिले. अंधारात दिसलं काही नाही... तुम्ही थांबला का नाहीत?"

साडूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जरा थांबायचं होतं, हो. आवाज दारावरून गेला... पुलाकडे गेला. बाबा म्हणाले, थांबला नाही. तेवढंच बोलले. गेले ते. डोळे दाराकडेच होते... मिटले नाहीत."

फोन कधी बंद झाला, ते साडूंना कळले नाही. ते उठले. भिंतीपाशी गेले. दांडे खिळ्यावरच होते.

वारा नव्हता.

दांडे हलत होते.

साडूंनी हात पुढे केला. एक कडे तळहातात धरले...

त्या रात्रीनंतर त्यांनी इंजिन उघडले नाही. मी कारण विचारले, तेव्हा त्यांनी फक्त उजवी मूठ उघडली. तळहाताच्या मधोमध भाजल्याचा डाग होता. वाटोळा. त्या कड्याच्या मापाचा.

ते गेले, तेव्हा त्यांना शेवटची आंघोळ मीच घातली. तेव्हाही तो डाग तसाच होता.