बांधापलीकडचं गवत

नव्या पाणथळाचा बांध फुटल्यानं कुणाचं काय फावणार, हे विम्याच्या बाईंनी गाडीतच मांडून पाहिलं होतं. सगळ्यात जास्त फावत होतं गावातल्या म्हाताऱ्या मास्तरांचं. ट्रक डेपोसाठी जुनं पाणथळ बुजवायची परवानगी होती, पण अट एकच: आधी टेकडीपलीकडे नवं पाणथळ करा, त्यात पाणी टिकवून दाखवा. नवं आटलं की जुनं वाचलं. आणि जुन्यासाठी मास्तर उभ्या गावाशी भांडले होते. नुकसान होतं ते त्यांच्या जावयाचं; नव्याचं कंत्राट त्याचं.

इतका सरळ हिशेब बाईंना आवडत नसे. कचेरीत त्यांना नकारघंटा म्हणत, ते उगाच नाही.

कागद घ्यायला त्या आधी जावयाच्या घरी गेल्या. समोरची भिंत नव्या रंगानं चकचकीत, बाजूच्या भिंतींना गिलावाही नाही. दारापुढं ताज्या खणलेल्या मातीत फुलझाडं.

"दर्शनी बाजू झाली की यांचं घर झालं," पाणी देताना मास्तरांची लेक म्हणाली. डोळे सुजलेले होते.

"वाफा छान खणलाय. कशानं खणलात?"

लेकीनं रिकामा पेला उचलला. न विचारताच म्हणाली, "बाबा काल घरीच होते."

बांधावर फौजदार वाटच पाहत होते. गुन्हेगार स्वतःहून कबूल झाला होता, खिंडारात सापडलेलं फावडं मास्तरांचंच होतं, पोलिसांची गाडी यायची होती. बाईंनी सही केली की काम संपलं.

बाईंनी आधी खाली पाहिलं. बांधाला बैलगाडी जाईल एवढं खिंडार. आत कोरडा तळ, त्यात लावलेली पाणकणसं माना टाकून. मग त्या खिंडारातून पलीकडे उतरल्या. गवत गुडघ्याला लागत होतं. कोळ्याचं जाळं पदराला चिकटलं. ते झटकता झटकता बाई थबकल्या, आणि वळून पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या.

मास्तर स्टुलावर ताठ बसले होते.

"कधी फोडलात?"

"काल संध्याकाळी."

"सोबत कोण?"

"कुणी नाही. मी एकटाच."

"पाणी होतं?"

"काठोकाठ. असं धो धो सुटलं, की मला बाजूला उडी मारावी लागली."

"या गुडघ्यांनी?"

मास्तरांनी धोतर गुडघ्यांवर ओढून घेतलं. का फोडलात, असं विचारल्यावर मात्र त्यांचा आवाज बदलला. जुनं पाणथळ पावसाचं पाणी पिऊन बसतं, म्हणून खालच्या वस्तीत पूर शिरत नाही, चुली पेटतात, विहिरींना गोडं पाणी राहतं. आणि नवं? "खड्डा खणला की तळं होत नाही, बाई. पाणी धरायला जमिनीला शिकवावं लागतं."

एवढंच खरं बोलले, बाईंनी मनात नोंदवलं.

बाहेर जावई फौजदारांना सासऱ्याच्या वयाचा विचार करा म्हणून गळ घालत होता. लेकही वडिलांचा डबा घेऊन आली होती. बाईंनी जावयाकडे बादलीभर पाणी मागितलं.

"तहान लागली का मॅडम?"

"मला नाही. तुमच्या तळ्याला."

तळाच्या मधोमध त्यांनी बादली उपडी केली. पाणी क्षणभर चमकलं आणि दिसेनासं झालं. उरली ओली वाळू.

"चिकणमाती कुठाय?"

"ही काय, बांधाला लिंपलीय."

"बांध दिसतो, म्हणून बांधाला. तळ पाण्याखाली जायचा, तो कोण बघतो? घराच्या भिंतींसारखंच झालं हे."

फौजदार पुढे सरकले.

"काठोकाठ पाणी खिंडारातून सुटलं असतं, तर पलीकडचं गवत झोपलं असतं," बाई म्हणाल्या. "ते उभं आहे, जाळ्यांसकट. बांध फोडला तेव्हा आत पाणीच नव्हतं. यांनी तळं टँकरनं भरलं, ते वाळूनं पिऊन टाकलं. तपासणी तोंडावर आली. मग बांध फोडून ठेवला: आळ सासऱ्यावर, खर्च विम्यावर."

"पण फावडं?" जावयाचा आवाज चिरकला.

"मास्तरांचं खरं. पण होतं तुमच्या अंगणात. वाफा त्यानंच खणलाय. मास्तरांना वाटलं, फावडं लेकीकडे होतं म्हणजे लेकीनंच हे केलं. म्हणून आळ अंगावर घेतला. लेकीला वाटलं, बाबा ते गुपचूप परत घेऊन गेले आणि बांध त्यांनीच फोडला."

बापलेक एकमेकांकडे पाहत राहिले.

"मला वाटलं तूच," मास्तर पुटपुटले. "तूही त्याच पाणथळाच्या काठी वाढलीस, पोरी."

लेकीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खिंडाराकडे पाहत होता.

"बाबांचं नाव पुढं करताना," तिनं विचारलं, "माझी एकदा तरी आठवण झाली का?"



गाडी आली, तीत जावई बसला. विम्याचं काहीच गेलं नाही. डेपोवाले परवानगीसाठी पुन्हा रांगेत लागले. जुन्या पाणथळाला आणखी एक पावसाळा मिळाला, खालच्या वस्तीलाही. वस्तीला ते कळलंसुद्धा नाही. ज्याचं त्याचं काही ना काही वाचलं. भरपाई केली ती एकट्या लेकीनं, जिनं बांधाला हातही लावला नव्हता. डबा बापाच्या हाती देऊन ती माहेरच्या वाटेला लागली.