नऊ परसांची विहीर

शिरूर कासारच्या माळावरल्या माणसाला समुद्राचं काय देणंघेणं, सांगा! इथं टँकर आला की दिवाळी. पण त्या दुपारी बबिता शेळ्यांना पाणी पाजायला विहिरीवर आली, ती मोबाइलमध्ये समुद्राचंच पाणी बघत.

कारण तिचा नवरा हरिओम. ऊसतोडीला कंटाळून तो कोकणात गेलता, खाडीवर धक्का बांधतात तिथं राखणीला. चारच दिवस झालते. पत्र्याच्या शेडमध्ये सिमेंटची पोती आणि पोत्यांजवळ तो. त्याचा फोन साधा, बटणाचा. म्हणून जायच्या आधी त्यानं तिच्या मोबाइलवर सरकारी पान उघडून घेतलं होतं. खाडीत पाणी किती, ते त्यावर कुणालाही फुकट बघता येतं. भरती-ओहोटीची नागमोडी रेघ बबिताला उमगत नव्हती, पण आकडा तिला कुणी शिकवायचा? लहानपणापासून विहिरीत दोर सोडून पाणी मोजलेली बाई ती! दोराला माणसाच्या उंचीइतक्या अंतरावर एकेक गाठ. एक गाठ म्हणजे एक परस. चौथ्या गाठीला पोहरा बुडाला तर पाणी वर आहे, नवव्या गाठीला बुडाला तर तळाला गेलं. यंदा नऊ परस झालते.

फोन वाजला. पलीकडं पत्र्यावर पाऊस असा बडवत होता, की हरिओमचा आवाज तुटत होता.

"बबिता, वादळ आलंय. हातभर लांबचं दिसंना. मुकादम म्हणलाय, पाणी चढलं तरच शेड सोड. बघ गं जरा... पाणी कसं हाय?"

तिनं बघितलं. मघा आकडा दोन होता, आता तीन.

"उतराय लागलंय की! आणखी खाली चाललंय. भिऊ नका तुमी, निवांत पडून ऱ्हावा."

"बरं झालं तुला विचारलं," तो हसला. फोन कट झाला.

इकडं आभाळ कोरडं ठक्क. तिनं पोहरा काढून डोणीत ओतला. एका शेळीनं तोंड लावलं, फुरफुरली, आणि सगळा कळप विहिरीपासून लांब पळाला. कसला तरी वास येत होता, सुकटीच्या पोत्यासारखा. बबितानं पुन्हा दोर सोडला. पोहरा सातव्या गाठीलाच बुडाला. सकाळी नऊ होते ना? परत सोडला. पाच. आत काही तरी खळ्ळ... खळ्ळ... भिंतीवर आपटत होतं. तिनं ओंजळ तोंडाला लावली आणि थू करून टाकली. निव्वळ मीठ!

मोबाइलवर आकडा चारच्या पुढं गेला होता.

"वैनी, शेळ्या कावून पळाल्या?" नणंद स्वप्ना धावत आली. कॉलेजात शिकणारी पोर.

"आगं, हिरीचं पाणी वर येतंय. आन् हितं आकडा वाढतोय... म्हंजी खाडीचं पाणी खाली चाललंय ना?"

स्वप्नानं तिच्या हातातला मोबाइल ओढून घेतला.

"वैनी... समुद्राचं पाणी वरून न्हाई मोजत. खालून मोजतेत. आकडा वाढला की पाणी चढतं."

बबितानं फोन लावला. लागेना. शंभरदा लावला असेल. आई गं, काय बोलून बसले मी, म्हणत ती कपाळ बडवून घेत होती, आणि शेजारी विहीर मुकाट्यानं काठोकाठ भरत होती.

तिसऱ्या दिवशी मुकादमाचा फोन आला. शेड वाहून गेली. हरिओम सापडला नाही.

तोवर विहीर परत खाली गेलती. कपारींना पांढरं मीठ धरलं होतं. सासू सारजाबाईनं बजावलं, भर दुपारचं तिकडं फिरकू नगंस. पण जीव का ऐकतो? बाराच्या उन्हात बबिता काठावर ओणवी झाली.

"आवो... चुकले मी. लई चुकले..."

खाली काळोख. मग नऊ परसांच्याही खालून आवाज आला. रागाचा नाही. दमलेला, नेहमीचाच.

"न्हाई गं, तुझंच खरं. पाणी लई खाली गेलंय. कवाचा उतरतोय मी... पायाला लागंना. बघून सांग ना बबिता... अजून किती ऱ्हायलं?"