हिलरीच्या नावावरची भीती

बुधवार म्हणजे शॅलेतल्या, म्हणजे डोंगरातल्या सुट्टीच्या घरातल्या, स्वयंपाकिणीचा सुट्टीचा दिवस. आणि आल्प्समधल्या या लाकडी घरात इंग्लंडहून दर वर्षी येणाऱ्या या कुटुंबात बुधवारच्या चहाबरोबरचा केक नेहमी हिलरीच्याच गळ्यात पडायचा. बाकी सगळे बर्फावर, आणि ही घाबरट बाई चुलीपाशी! त्या बुधवारी मात्र लेकीनं पुढे केलेला एप्रन तिनं घडी घालून परत ठेवला.

"आज मीही वर येणार आहे," ती म्हणाली.

फिलिपा पावाला लोणी लावता लावता थांबली. "तू? आई, चौसष्टाव्या वर्षी हे काय खूळ?"

ईस्टरनंतर गुडघ्याचं ऑपरेशन आहे, मग डॉक्टर स्कीइंगचं नावही काढू देणार नाहीत, असं हिलरीनं शांतपणे सांगितलं. भाड्याचे बूट तर तिनं कालच आणून ठेवले होते.

ते ऐकून फिलिपाची जुनी जखम भळभळली. "माझ्या स्कीच्या शर्यतीला आली असतीस तर! बारा वर्षांची होते. पहिली आले, आणि बघायला घरचं कुणी नाही. बाबा आले असते गं. तुझी भीती सांभाळत ते बिचारे इथं बसून राहिले."

हिलरीच्या ओठांपर्यंत शब्द आले... आणि तिनं ते गिळले. मेजर जेराल्ड, तिचा करारी नवरा! फिलिपा रांगत होती तेव्हा तो कड्यावरून घसरला, आणि त्यानंतर रोपवेच्या पाळण्यात बसायचं म्हटलं तरी त्याचे पाय लटपटत. मुलांपुढे मान खाली जाईल म्हणून त्यानं रडत तिला विनवलं, आणि तिनं त्याची भीती आपल्या नावावर करून घेतली. गेल्या वसंतात तो गेला. भीती तिच्याच नावावर राहिली. गेलेल्या माणसाला उघडं पाडून मिळणारी माया तिला नको होती. पण लग्नाआधी मनसोक्त स्की केलेला तो बर्फ मात्र हवाच होता!

वर पोचल्यावर तिनं गुडघ्याला मनातल्या मनात दटावलं आणि स्वतःला उतारावर सोडलं. पहिली दोन वळणं डगमगली... मग अंगाला सगळं आठवलं. धुसफुसत मागून येणारी फिलिपा तिला गाठूच शकेना.

खाली पोचल्यावर लेक धापा टाकत आईकडे बघतच राहिली. "घाबरणाऱ्या बाईला असं येत नाही. आई... घाबरायचं कोण?"

"तुझे बाबा फार शूर होते," हिलरी हातमोज्यावरचा बर्फ झटकत म्हणाली. तिनं मान मात्र वर केली नाही.

फिलिपाला एकदम बाबांची खुर्ची आठवली. शॅलेत ते नेहमी डोंगराकडे पाठ करूनच बसायचे. तिनं आईला घट्ट मिठी मारली, आणि तिथेच, सगळ्यांसमोर, ती हुंदके देऊन रडली.

चार वाजता एप्रन फिलिपाच्या कमरेला होता. केक एका बाजूनं बसला होता.

"आजी, तुला एवढं छान कुणी शिकवलं?" आठ वर्षांच्या मेबलनं विचारलं.

फिलिपानं केकचा पहिला तुकडा आईच्या बशीत ठेवला.

"आजोबांनी," ती म्हणाली. "ते कशालाच घाबरायचे नाहीत."

हिलरी कितीतरी वेळ चहा ढवळत राहिली. साखर तिनं घातलीच नव्हती.