शिशीच्या तळाशी

हिवतापावरचं कोयनेल नुसत्या पाण्यात विरघळत नाही. तेजाबाचे थेंब पडले की ढवळं पाणी बघता बघता निवळतं. गंगाखेडच्या दवाखान्यात मी, मन्मथअप्पा कंपाउंडर, बारा वर्षं हेच करत आलो. माझ्या औषधाला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती.

त्या भादव्यात तेजाब संपलं. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर, परभणीची वाट बंद, डॉक्टरही तिकडेच अडकले. घरोघर हिवताप. मी कोयनेल खलात घोटलं, पाण्यात कालवून शिशा भरल्या. हलवून पाजा, एवढं सांगायचं राहिलं. दारात पन्नास माणसं आणि मला हात दोनच!

आठव्या दिवशी कडूबाई रिकामी शिशी घेऊन आली, राखेनं घासून स्वच्छ केलेली. तिची लेक कोकिळा तापानं गेली होती.

"निवळच पाजलं बघा, आप्पा. खालचा गाळ टाकून देला."

पावसाळ्यात इथं सगळे तेच करतात. गंगेच्या पाण्यात तुरटी फिरवायची, गाळ बसला की वरचं प्यायचं. कोयनेल त्या गाळातच होतं. चूक माझी होती, आणि मी ती कबूल केली नाही.

"ठेवा शिशी," ती म्हणाली. "लागंल तुमाला."

दुसऱ्या दिवशी माझी बायको शिवम्मा तापली. नावेनं तेजाब तेवढं आलं. कोयनेलची एकच पुडी उरली होती. औषध केलं, छान निवळलं. घरी नेईपर्यंत तळाशी पांढरा थर.

तेजाब वाढवलं. लिंबू पिळलं. पुन्हा घोटलं, शिशी बदलली. हात हलतोय तोवर ठीक. थांबला की गाळ.

"किती हलवायलाव हो?" शिवम्मा कण्हत म्हणाली. "वरचं निवळ द्या की."

"गप!" मी ओरडलो. मला रडूच फुटलं. हलवत हलवतच शिशी तिच्या तोंडात रिती केली. थेंबसुद्धा राहू दिला नाही.

दुपारी तिला दरदरून घाम आला. ताप उतरला. गळ्यातलं इष्टलिंग मी मुठीत घट्ट धरलं. तिचं अंग पुसून पंचा अंगणात वाळत टाकला.

तासाभरानं काढायला गेलो. पंचा कडक झाला होता.

झटकला. पायावर पांढरी भुकटी पडली.

बोटानं जिभेला लावली. कडू. कोयनेलच.

"अहो," आतून शिवम्माची हाक आली, "लय थंडी वाजायलीय."